तेलात काय उतरतं आणि तेल कशानं नासतं

प्रश्न असा आहे: माझी त्वचा लहानपणापासून नाजूक आहे. थंडी पडली की पोटऱ्या आणि कोपर सोलपटतात, साबण बदलला तरी अंगाला खाज सुटते. व्हिडिओ बघून घरीच तेल केलं. खोबरेल तेलात ताजा कडुनिंबाचा पाला, तुळस, कोरफडीचा गर आणि झेंडूच्या पाकळ्या घातल्या, बरणीला घट्ट झाकण लावलं आणि पंधरा दिवस गच्चीवर उन्हात ठेवली. आता वर पांढरी बुरशी दिसतेय, तळाशी गढूळ पाणी साचलंय आणि वास आंबूस येतोय. मधलं चांगलं तेल गाळून वापरता येईल का? चुकलं कुठं? आणि आठ महिन्यांच्या बाळाला असं तेल चालेल का? (तालुका केज, जि. बीड)

ताई, ते तेल टाकून द्या. गाळून नको, उकळून नको, ‘निदान पायाच्या भेगांना तरी लावू’ असंही नको. मोरीत ओतू नका, पाइप तुंबेल. राखेत किंवा मातीत कालवून टाका. बुरशी वर दिसायला लागते तेव्हा तिचे धागे आणि तिनं सोडलेली घाण खालच्या तेलात पसरलेली असते, ती कापडात अडकत नाही. आणि तुम्ही हे लावणार कुठं, तर आधीच सोलपटलेल्या, बारीक चिरा पडलेल्या कातडीवर.

मी उदगीरला बावीस वर्षं आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझ्या रुग्णांपुरती तेलं काढते. तुमच्यासारखी बरणी महिन्या-दोन महिन्यांतून कुणीतरी पिशवीत घालून आणतंच. घटक प्रत्येकाचे वेगळे, चूक मात्र एकच: पाणी.

निव्वळ तेलात जंतू वाढत नाहीत, कारण त्यांना लागणारं पाणीच तिथं नसतं. तुम्ही त्यात ताजा पाला घातलात. ताज्या पाल्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि कोरफडीच्या गरात तर पाण्यावाचून फारसं काही नसतंच. दिवसा बरणी तापली, त्या पाण्याची वाफ झाली आणि घट्ट झाकणाला जाऊन लागली. रात्री गार झाल्यावर थेंब होऊन परत खाली पडली. पाणी तेलाहून जड, ते तळाला जाऊन बसलं. पाला मात्र तरंगून हवेत आला, त्याला बुरशी धरली. तळाच्या पाण्याला हवा नाही, तिथं वेगळेच जंतू पोसले गेले. तो आंबूस वास त्यांचा. व्हिडिओ करणारा बरणी उन्हात ठेवतानाचं शूटिंग करून मोकळा होतो, पंधराव्या दिवशीची बरणी तो दाखवत नाही.

दुसरी गोष्ट. तेलात सगळंच उतरत नाही. हे तुम्हाला स्वयंपाकातून माहीत आहे, फक्त तसं बघितलेलं नसतं. फोडणीत हळद टाकली की तेल लगेच पिवळं होतं, कारण हळदीचा रंग तेलात विरघळतो. ज्येष्ठमधाची काडी मात्र महिनाभर तेलात बुडवून ठेवा, तेल गोड होणार नाही. तो गोडवा पाण्यात उतरणारा. रतनजोतीचा लाल रंग आणि वाळ्याचा वास तेल घेतं. कडुनिंबाचं थोडं घेतं, थोडं सोडतं. कोरफडीचा गर तेलात अजिबात मिसळत नाही, तो तळाशी लिबलिबीत होऊन पडून राहतो आणि कुजतो. कोरफड हवीच असेल तर पान कापून अर्धा तास उभं ठेवा, त्यातला पिवळा चीक गळून जाऊ द्या (तो चीक नाजूक कातडीला झोंबतो), मग आतला पांढरा गर तेवढा लावा आणि धुऊन टाका. तेलाच्या बरणीत तिचं काही काम नाही.

झेंडूबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथं नुसतं तेल नासण्यावर भागत नाही. त्या व्हिडिओत मूळ नाव बहुतेक कॅलेंडुला असेल. कॅलेंडुला आणि आपला दसऱ्याच्या तोरणातला झेंडू या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. इंग्रजीत दोघांनाही मॅरिगोल्ड म्हणतात, घोळ तिथून सुरू होतो. झेंडूमध्ये असे घटक असतात की ते अंगावर असताना ऊन लागलं तर काहींची कातडी भाजल्यासारखी होते. शिवाय झेंडू, शेवंती, सूर्यफूल, खुद्द कॅलेंडुला आणि बांधावरचं गाजरगवत ही सगळी एकाच कुळातली. ज्याला गाजरगवत लागतं त्याला या फुलांचंही वावडं असण्याची शक्यता मोठी. १९५५ च्या सुमारास हे गवत पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, आज मराठवाड्यात त्याच्याविना बांध सापडणार नाही. खुरपणीच्या दिवसांत चेहरा, मान आणि हाताच्या कोपराची घडी लाल होऊन येणाऱ्या बायका मी दर पावसाळ्यात बघते.

एवढं माहीत असून मी स्वतः चुकले आहे. माझी चुलत जाऊ देगलूरकडं असते, सोयाबीन खुरपायला रोज रानात. तिचे गाल कोरडे पडले म्हणून मी मोठ्या हौसेनं बाहेरून मागवलेल्या कॅलेंडुलाचं तेल करून पाठवलं. चौथ्या दिवशी तिच्या मुलानं मोबाइलवर फोटो पाठवला, डोळे सुजून नुसत्या फटी उरलेल्या. ‘मला गवत लागतं’ असं ती मागं दोनदा बोलली होती आणि मी ते कानाआड केलं होतं. तेव्हापासून तेल देण्याआधी माझा पहिला प्रश्न असतो, गाजरगवत लागतं का? तुम्हीही तो स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर या कुळातलं एकही फूल बरणीत नको.

तुळशीचा दोष एवढाच की ती चौथी होती. चार वस्तू एकदम घातल्या आणि अंगावर पुरळ उठलं, तर कशानं उठलं हे कोण सांगणार? नाजूक त्वचेला पहिल्या तेलात एकच वनस्पती.

आता तेल कोणतं घ्यायचं. माझ्या मते अशा तेलाचा निम्म्याहून जास्त गुण मुळात तेलाचाच असतो, वनस्पती नंतर. आणि या बाबतीत आपण मराठवाड्यातले लोक काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालतो. करडई आपल्या रब्बीतली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिची वाणं काढली, आपल्या आज्या तिच्या कोवळ्या पानांची भाजी करत होत्या. पुढं सोयाबीन आलं आणि करडईचा पेरा आटला. करडईच्या नेहमीच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं आणि कातडीचा वरचा थर सांधून धरायला नेमकं तेच कामी येतं. उलट महागडं ऑलिव्ह तेल. त्यात ओलिक आम्ल जास्त, ते कोरड्या कातडीचा थर आणखी सैल करतं. लोक हे तेल बाळांना चोळतात तेव्हा मला वाईट वाटतं, पैसेही जातात आणि कातडीही. मोहरीचं तेल झोंबतं. जवसाचं फार लवकर खवट होतं. तिळाचं चांगलं, आमच्या शास्त्रातली बरीच तेलं त्याच्यावरच बेतलेली आहेत, पण एखाद्याला तिळाचीही ॲलर्जी असते.

करडईत एक खोट आहे. हवा आणि ऊन लागलं की ती खोबरेलापेक्षा लवकर खवट होते. खोबरेल टिकतं, पण चोवीस अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे पौषात सकाळी बाटलीतून निघतच नाही. म्हणून मी दोन्ही निम्मं-निम्मं घेते. लाकडी घाण्याचं आणलंत तर दोन दिवस हलवू नका, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निथळून घ्या.

तुमच्यासाठी मी हळकुंड सुचवेन. हिंगोली-वसमतची हळद दाराशी पिकते. सुटी पावडर घेऊ नका, तीत रंगाची भेसळ असू शकते. हळकुंड आणून खलबत्त्यात भरड कुटा. अंग पिवळं होईल आणि जुने कपडे घालावे लागतील, ते चालणार नसेल तर वाळलेला कडुनिंबाचा पाला घ्या. पाला सावलीत वाळवायचा. चैत्रात तीन दिवसांत होतो, श्रावणात आठ दिवसांतही होत नाही. त्या दिवसांत तेल करायच्या फंदात पडूच नये. पान मुठीत दाबल्यावर कर्रकन मोडून चुरा झालं पाहिजे. नुसतं वाकलं तर अजून पाणी आहे. देठ आधी काढून टाका, पान वाळलं तरी देठ आतून ओलाच राहतो.

प्रमाण असं. पाला असेल तर ४० ग्रॅम चुऱ्याला ४०० मिली तेल, हळकुंडाची भरड असेल तर ४० ग्रॅमला २०० मिली. मोठ्या पातेल्यात पाणी ठेवा, तळाला दुमडलेलं फडकं घाला, त्यावर तेल आणि चुऱ्याचा स्टीलचा डबा. डब्याची कड पातेल्याच्या कडेपेक्षा चार बोटं तरी वर हवी, नाहीतर बाहेरची वाफ आत शिरते आणि ज्याला इतका वेळ टाळलं तेच पाणी मागच्या दारानं येतं. डब्याच्या तोंडावर सुती कापड बांधा, झाकण नको. गॅस इतका बारीक की पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, खळखळायला नको. तेल कडकडीत तापता कामा नये. तीन तास. अधूनमधून कोरड्या पळीनं हलवा. गार झालं की रात्रभर तसंच ठेवा, सकाळी धुतलेल्या, खडखडीत वाळलेल्या मलमलच्या कापडातून गाळा. कापड पिळायचा मोह होतो, शेवटचं तेल त्यातच अडकलेलं असतं. पिळू नका. पिळलं की बारीक गाळ उतरतो आणि पुढं तोच कुजतो. गाळलेलं तेल दोन दिवस स्थिर ठेवा आणि तळाचं बोटभर सोडून वरचं बाटलीत भरा.

उन्हातली रीत वाईट नाही, पण पाला वाळलेला हवा, तोंडाला कापड हवं आणि बरणीभोवती जाड काळं फडकं किंवा खाकी कागद गुंडाळलेला हवा. तेलाला ऊब पाहिजे, उजेड नको. हळदीचा तर बराच गुण उन्हानं उडतो. आपल्या वैशाखातल्या बेचाळीस अंशांत मी ते धाडस करत नाही.

ज्येष्ठमध, अनंतमूळ, मंजिष्ठा अशा, ज्यांचा बराचसा गुण पाण्यात उतरतो त्या वस्तू वापरायच्या तर तैलपाक करावा लागतो. यात आपण मुद्दाम पाणी घालतो आणि मग शेवटच्या थेंबापर्यंत ते घालवतो. एक भाग कल्क (वनस्पतीचा ओला लगदा), चार भाग तेल, सोळा भाग काढा. अत्ताराकडून (जडीबुटीच्या दुकानातून) भरड ज्येष्ठमध आणा; २०० ग्रॅम भरड ३ लिटर २०० मिली पाण्यात उकळून ८०० मिली उरवा. हा काढा, २०० मिली तिळाचं तेल आणि ५० ग्रॅम ज्येष्ठमधाचं चूर्ण पाण्यात कालवून केलेला कल्क, असं रुंद तोंडाच्या, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात. पातेलं निम्म्याहून जास्त भरू नका, फेस येतो. तांब्या-पितळेचं भांडं घरात कितीही जुनं आणि शोभिवंत असो, यासाठी नको. तांब्याशी संबंध आला की तेल लवकर खवट होतं.

पाणी आहे तोवर पातेल्यातली उष्णता शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून पहिले दोन तास तुम्ही निर्धास्त. खरं कसब शेवटच्या दहा मिनिटांत. पाणी संपलं की तेल झपाट्यानं तापतं आणि कल्क करपतो. तिथून हलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. मी काय बघते ते सांगते. आधी आवाज बदलतो, बुदबुद थांबून बारीक चुरचुर सुरू होते. मग पळीच्या टोकावर चिमूटभर कल्क घेऊन, फुंकून गार करून, अंगठा आणि बोटात वळायचा. चिकटला तर कच्चा. वात वळली गेली आणि बोटाला लागली नाही की झालं. तरी खात्री म्हणून ती वात चिमट्यात धरून ज्योतीवर नेते. आत पाणी असेल तर चटचट आवाज होतो. गपचूप पेटली की गॅस बंद. त्याच सुमाराला तेलावर फेस येतो. अंगाला लावायच्या तेलाचा पाक याहूनही पुढं, खरपाकापर्यंत (कल्क कडक होईतो) न्यावा असं शास्त्र सांगतं, पण घरच्या गॅसवर खर आणि करपलेलं यांत दोन मिनिटांचंच अंतर असतं. मी मध्यमपाकावर, म्हणजे वात वळते तिथंच, थांबते. गरम असतानाच गाळा, मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढून.

पहिल्या वर्षी घाई होती म्हणून ही वातीची खूण मी एकदा टाळली. भर पावसाळ्यात तीन आठवड्यांनी बाटल्यांच्या तळाला ढगाळ थर आला. सव्वा लिटर तेल मातीत गेलं.

बाटली गडद काचेची आणि शंभर मिलीचीच. मोठी बाटली रोज उघडली की रोज हवा आत जाते. वर चिकटपट्टी लावून तारीख आणि वस्तूचं नाव लिहा. तैलपाकाचं तेल मी सहा महिने वापरते, साधं गाळलेलं तीन महिने, उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात असाल तर फ्रिजमध्ये. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातली की तेल नासत नाही असा समज आहे. ती खवटपणा लांबवते, बुरशी थांबवत नाही. बोटं बाटलीत बुडवायची नाहीत, अंघोळीच्या ओल्या हातांनी तर नाहीच.

लावण्याआधी तपासणी. ‘चोवीस तास बघा’ असं सगळीकडं लिहिलेलं असतं, ते पुरत नाही. वावड्याची खरी प्रतिक्रिया दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा, सात दिवस. काही झालं नाही तर एका पोटरीला आठवडाभर, मग बाकी.

आणि तेल कोरड्या अंगाला चोळू नका. तेल अंगाला पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवून धरतं. म्हणून कोमट पाण्यानं अंघोळ, टॉवेलनं नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच तीन मिनिटांच्या आत पातळ हात फिरवायचा. तुमच्याकडं बोअरचं जड पाणी असणार. त्यात साबणाला फेस येत नाही, माणूस साबण जास्त घासतो आणि तो अंगावरच थर धरून राहतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात अर्ध्या बादलीत अंघोळी चालायच्या. त्या महिन्यांत माझ्याकडं खाजेचे जितके लोक आले, त्यातल्या निम्म्यांना मी औषध न देता साबण फक्त काखा, जांघा आणि पायांपुरता ठेवायला सांगितलं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. कदाचित तेलाची गरजच निम्मी होईल.

काही वस्तू कुणी कितीही सांगितलं तरी बरणीत नकोत. बिब्बा तर नकोच. तो उतला की फोड येतात आणि डाग वर्षभर जात नाहीत. ज्यांना आंब्याचा चीक लागतो त्यांनी तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, दोघांचं कूळ एक. बावची नको, तिच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. बाजारातली टी-ट्री, लॅव्हेंडरची सुगंधी तेलं ‘दोन थेंब’ म्हणून घालतात, नाजूक त्वचेला वावडं लावण्यात त्यांचा हात मोठा.

गोल, कडेनं उठलेला, मधून मोकळा होत जाणारा चट्टा असेल तर ते गजकर्ण, त्याला तेल चोळून उपयोग नाही. रात्री खाज वाढते आणि घरात दोघा-तिघांना आहे, तर खरूज. डोक्यातला चिकट कोंडा तेलानं वाढतोही. पाणी सुटत असेल, पू असेल, किंवा मधुमेही माणसाच्या पायाला चीर असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. मेडिकलमधून परस्पर आणलेली ‘सगळ्यावर एक’ मलमं लावू नका, त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आधी बरं वाटतं, मग दुप्पट उसळतं.

बाळाचं सांगते. आठ महिन्यांच्या बाळाला घरी केलेलं वनस्पतीचं कुठलंच तेल नको, मी केलेलं असलं तरी. साधं, बिनवासाचं खोबरेल पुरे. कडुनिंबाच्या निंबोळीचं तेल बाळाच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं, आणि या वयाचं बाळ स्वतःचा हात चोखतंच. खोबरेलात कापूर घालून छातीला चोळायची आपल्याकडं पद्धत आहे, तीही बंद. कापरानं लहान मुलांना झटके येऊ शकतात. सासूबाई डाळीच्या पिठाची लोई फिरवत असतील तर त्यांना माझं नाव सांगा आणि थांबवा. त्यांना राग आला तर माझ्यावर येऊ दे. गालावर किंवा कोपराच्या घडीत लाल, ओले चट्टे असतील तर आधी बाळाच्या डॉक्टरांना दाखवा.

ती बरणी फेकायची गरज नाही. साबणाच्या गरम पाण्यानं दोनदा धुवा, मग पाण्यात ठेवून दहा मिनिटं उकळवा आणि उन्हात पालथी नाही, आडवी ठेवून पूर्ण वाळवा. झाकणातली रबरी चकती मात्र टाकून द्या, बुरशी तिच्या खाचेत राहते. नवी चकती बसवलीत की आतून कोरडं बोट फिरवून बघा. जरा जरी ओल लागली तर अजून एक दिवस उन्हात.